जुन्या लांकडाचें नवें काम

(महोत्सव-सप्ताहांत, सायंकाळच्या प्रार्थनेनंतर, धर्मग्रामाच्या सभागृहांत केलेलें भाषण)



आजच्या या मंगल प्रसंगीं आपणांपुढें चार शब्द बोलावे अशी आज्ञा झाली, तेव्हां आम्ही क्षणभर गोंधळून गेलों. आम्ही वक्ते नव्हे. पंडित तर नव्हेच नव्हे. गडमुडशिंगीस एका पत्र्याच्या छपरीखालीं जुनें लांकूड घासून, चिरून, जोडून त्याच्या खाटा, मेजें आणि कपाटें करणारे आम्ही सुतार. आमचें संभाषण बहुतेक करवतीशीं आणि रंध्याशीं. आणि तीं दोघें उलट प्रश्न विचारीत नाहींत. परंतु धर्मगुरुजींनीं सांगितलें कीं, जें रोज करतां तेंच सांगा. त्यामुळें नाहीं म्हणण्यास जागा उरली नाहीं.

शिवाय, खरें सांगावयाचें तर, येथें उभें राहण्यास आम्हांस दुसरेंही एक कारण आहे. महोत्सवानिमित्त मंदिरांतील जुने बांक काढून नवे आणावयाचे घाटत आहे, आणि जुने बांक वजनावर भंगारवाल्यास द्यावे असा विचार चालला आहे, हें आमच्या कानीं आलें. त्या बांकांविषयीं आम्हांस एक विनंती करावयाची आहे. परंतु ती आतांच केली तर सुतार आपल्या धंद्याची वकिली करतो असें आपणांस वाटेल. म्हणून आधीं जुनें लांकूड म्हणजे काय, त्याचें काम कसें होतें, आणि त्या कामांत आमच्या हातून काय चुकलें, हें सांगतों. मग विनंती करूं. ती मानणें न मानणें आपल्या हातीं.

आपल्या करवीर तालुक्यांतील जुनीं घरें आपण सर्वांनीं पाहिलीं आहेत. जाड मातीच्या भिंती, मध्यें लांकडी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर फळ्यांची तक्तपोशी आणि सर्वांवर कौलांचें छप्पर. भिंत मातीची असली तरी घराचा भार बहुतांशीं लांकूडच वाहत असे. असें घर उतरवितात तेव्हां माती शेतांत जाते, कौलें शेजारी नेतो, आणि लांकूड अंगणांत ढीग होऊन पडतें. रस्त्यानें जाणाऱ्यास तें सर्पण वाटतें. सुतारास मात्र त्या ढिगांत पुढचें घर दिसतें. तुळई जाड व लांब. ती उभी चिरली म्हणजे मेजाच्या फळ्या निघतात. खांबाचे खाटेला पाय होतात. कड्या आणि सरळ वासे खुर्चीच्या कामीं येतात. तक्तपोशीच्या फळ्या पातळ. त्या कपाटाच्या दारांना आणि फडताळाला लागतात. राहिला उंबरा. त्याचा मधला भाग तीन पिढ्यांच्या पायांनीं झिजून खोलगट झालेला असतो. आम्ही तो कधीं सपाट करीत नाहीं. त्याला दोन ठेंगणे पाय लावून देवडींत बसण्याचें बांकडें करतों. ज्याच्या घरचा तो उंबरा असतो, त्याचा हात आपोआप त्या खोलगट जागेवर फिरतो.

लांकडाच्या जाती अनेक, आणि प्रत्येकीचा स्वभाव वेगळा. सागवानाच्या अंगांत मूळचें तेल असतें, म्हणून पाणी आणि वाळवी यांपुढें तें इतर लांकडांहून अधिक टिकतें. परंतु त्यांत वाळूच्या जातीचा सूक्ष्म अंशही असतो, त्यामुळें हत्याराची धार लवकर जाते. शिसव जड, काळसर आणि मानी. फणस ताजा कापला असतां पिंवळा दिसतो आणि पुढें तपकिरी होतो. बाभूळ चिवट, एके काळीं गाडीचीं चाकें व औतें तिचींच होत. ऐन आणि किंजळ हीं घराच्या भारी कामाचीं लांकडें. झाडाच्या मधल्या भागाचें लांकूड पक्कें आणि सालीजवळचें कच्चें, हें आपण जाणतांच. पूर्वीचीं झाडें पुष्कळ वयाचीं होऊन मग तुटत, म्हणून जुन्या तुळईंत पक्क्या लांकडाचा भाग मोठा असतो. आजचीं झाडें तरुणपणींच तोडलीं जातात; त्यांत कच्चा भाग अधिक. भुंगेरा प्रथम शिरतो तो त्या कच्च्या भागांत.

हें लांकूड आतां इतकें मोलाचें कां झालें, याचें कारण जंगलाच्या स्थितींत आहे. आपल्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयानें १२ डिसेंबर १९९६ रोजीं दिलेल्या आदेशानें वनांतील बेसुमार तोडीला मोठा आळा बसला. ब्रह्मदेशानें १ एप्रिल २०१४ पासून लांकडाचे ओंडके परदेशीं पाठविणें बंद केलें. जंगलाच्या दृष्टीनें हें योग्यच झालें, आणि आम्हां सुतारांस त्याविषयीं तक्रार नाहीं. परंतु त्यामुळें एक गोष्ट स्पष्ट होते. जें सागवान आपल्या पूर्वजांनीं एकदां तोडलें, त्याची किंमत झाडानें एकदां दिलेली आहे. तें आपण चुलींत घालावें आणि मग दुसरें झाड मागावें, हा न्याय नव्हे.

आतां कामाकडे वळूं. जुनें लांकूड हातीं आलें कीं पहिलें काम कापण्याचें नव्हे, परीक्षेचें. तें कोठून आलें हें विचारावें आणि घरधन्याकडून पावती घ्यावी; कारण रानांतून चोरून आणलेलें ताजें लांकूडही 'जुनें' म्हणून विकलें जाऊं शकतें. कोरीव गणेशपट्टी किंवा नक्षीदार खांब आला तर त्यास करवत लावूं नये, जाणत्या माणसास दाखवावा. शंभर वर्षांहून जुन्या अशा कोरीव वस्तू परदेशीं धाडण्यास १९७२ च्या कायद्यानें खासगी माणसास मनाई आहे. आणि कायदा नसता तरी दुसऱ्या सुताराच्या हातची नक्षी कापून स्टूल करणें आम्हांस शोभलें नसतें.

दुसरें काम खिळ्यांचें. जुन्या तुळईंत वरून दिसणारे खिळे थोडे. आंत तुटून राहिलेले पुष्कळ. आम्ही लोहचुंबक फिरवितों, शंका येईल तेथें टोंचून पाहतों, आणि मग एकेक खिळा मारतोलानें व पकडीनें काढतों. एक खिळा नजरेआड राहिला तर यंत्राच्या करवतीचें पातें जातें आणि कधीं कधीं माणसाचा डोळाही. एका तुळईचे खिळे काढण्यांत अर्धा दिवस जातो. या अर्ध्या दिवसाची आठवण ठेवा. पुढें त्याचा हिशेब येणार आहे.

तिसरें काम किडीचें. लांकडाखालीं पिठासारखी बारीक भुकटी पडत असेल तर भुंगेरा अद्याप जिवंत आहे असें समजावें. असें लांकूड इतरांपासून दूर ठेवावें, कच्चा भाग तासून जाळून टाकावा, आणि उरलेल्याची खात्री झाल्यावांचून तें घरांत नेऊं नये. चौथें काम रंगाचें. जुन्या दारांच्या रंगांत शिसें असूं शकतें. तो कोरडा घासला तर विषारी धूळ उडते, आणि ती लहान मुलांस फार घातक. म्हणून तसा रंग ओला करून खरवडावा, तोंडाला फडकें बांधावें, आणि खरवड अंगणांत पडूं देऊं नये. रेल्वेचे जुने स्लीपर कित्येकांस फार आवडतात. परंतु ते टिकावे म्हणून त्यांस डांबराच्या जातीचें तेल पाजलेलें असतें. ते घरांत मेज किंवा खाट करण्याच्या कामाचे नव्हेत.

आमच्या गांवाजवळच गोकुळ शिरगांवची औद्योगिक वसाहत आहे. कारखान्यांत यंत्रें येतात तीं लांकडी खोक्यांत आणि तळफळ्यांवर. लोक त्यांस पॅलेट म्हणतात. तें बहुधा परदेशी देवदाराच्या जातीचें हलकें लांकूड. त्याचीं फडताळें व मुलांचीं लिहिण्याचीं मेजें बरीं होतात. परंतु त्यावर डागलेला शिक्का वाचल्यावांचून तें घेऊं नये. देशोदेशींच्या मालाबरोबर कीड जाऊं नये म्हणून २००२ सालीं जो जागतिक नियम झाला, त्याप्रमाणें हा शिक्का असतो. 'एच. टी.' अशीं अक्षरें असलीं तर लांकूड उष्णतेनें शुद्ध केलेलें, 'एम. बी.' असलीं तर विषारी वायूनें. दुसऱ्या प्रकारचें लांकूड आम्ही स्वयंपाकघरासाठीं आणि निजण्याच्या खोलीसाठीं वापरीत नाहीं.

इतकें झालें म्हणजे लांकूड रचून ठेवावयाचें. जमिनीपासून वर, प्रत्येक थरामध्यें सारख्या जाडीच्या पट्ट्या घालून, म्हणजे चोहोंकडून वारा खेळेल. आणि मग थांबावयाचें. हें थांबणेंच सर्वांत कठीण. तें न जमल्यामुळें आमची जी फजिती झाली, ती येथें सांगणें आमचें कर्तव्य आहे.

२०१९ च्या ऑगस्टांत पंचगंगेला महापूर आला, हें आपण विसरलां नसाल. राजाराम बंधाऱ्याजवळ ४३ फूट ही धोक्याची पातळी. त्या वेळीं पाणी ५५ फुटांच्या वर गेलें. नदीकांठच्या गांवांतून मातीचीं घरें जागच्या जागीं बसलीं. पाणी उतरल्यावर अशाच एका गांवाहून एक वृद्ध बाई ट्रॅक्टरच्या ट्रॉलींत आपल्या पडलेल्या घराचें लांकूड घालून आमच्या छपरीपुढें आल्या. वखारवाल्यानें वजनावर भाव सांगितला होता, तो त्यांस पटला नव्हता. एका तुळईवर हात ठेवून त्या म्हणाल्या, "हिच्याखाली माझी चार पोरं झाली. मला निजाया हिचीच खाट करून द्या."

आम्हांस भरून आलें. आणि भरून आलेल्या माणसाच्या हातून घाई होते. नव्या घराचें काम चाललें होतें, बाई एका नातलगाच्या पडवींत जमिनीवर निजत होत्या, नाताळ जवळ येत होता. नाताळापूर्वीं खाट द्यावयाचीच असा आम्हीं हट्ट धरला. तुळई वरून सुकलेली दिसत होती. वर्षानुवर्षें छपराखालीं असलेलें लांकूड, त्याला पुन्हां काय सुकवायचें, असें आम्हीं मनाशीं म्हटलें. पुराच्या पाण्यांत तें कित्येक दिवस बुडून होतें हें डोळ्यांस दिसत असून मनानें घेतलें नाहीं. आम्हीं चिरलें, रंधलें, भोकें पाडून कुसवें बसविलीं, अळशीचें तेल पाजलें, आणि डिसेंबरांत खाट पोंचती केली. बाईंनीं आमच्या हातावर गूळ ठेवला.

पुढें २०२० चा उन्हाळा आला. लांकडाचा धर्म असा कीं, तें ओल सोडतांना लांबींत जवळ जवळ आटत नाहीं, रुंदींत आटतें. बाहेरचा थर आधीं सुकून बसलेला, आंतला मागाहून सुकूं लागला. मग फळी फाटली, कुसूं भोकांत सैल झालें, आणि एके रात्रीं खाटेची लांब पट्टी पायांतून निसटली. ईश्वरकृपेनें बाईंस इजा झाली नाहीं. त्या दिवसांत टाळेबंदी होती. आमची छपरी बंद, रस्ते बंद. बाईंनीं रागाचा एक शब्द काढला नाहीं. त्यांनीं खाटेखालीं विटा लावल्या आणि दूरध्वनीवरून नातवाकरवीं निरोप पाठविला कीं, खाट आजारी पडली आहे, सवड होईल तेव्हां येऊन बघा.

शिवी दिली असती तर बरें झालें असतें. त्या निरोपानें आम्हांस कित्येक रात्री झोंप लागली नाहीं. वाट मोकळी होतांच आम्ही गेलों, खाट खोलून परत आणली, आणि बाईंस निजण्यास आमच्या घरची खाट दिली. मग त्या लांकडाचा एकेक तुकडा पट्ट्यांवर रचून वर्षभर ठेवला. मधून मधून वजन करून पाहिलें. उतरतें वजन स्थिर झालें तेव्हां ओल गेली असें समजलों. फाटलेल्या फळीचा सांधा नवा केला, कुसवें नव्यानें घडविलीं, त्यांत पाचरी मारल्या. अर्थात् या दुसऱ्या कामाचा पैसा घेतला नाहीं. तो आमच्या घाईचा दंड होता. आज ती खाट त्यांच्या नव्या घरांत आहे. त्या घराला सिमेंटची गच्ची आहे, तुळई नाहीं. जुन्या घराचें लांकूड म्हणून त्या घरांत काय तें एवढेंच उरलें आहे.

तेव्हांपासून गिऱ्हाईक आलें कीं आम्ही प्रथम ही गोष्ट सांगतों. आपणांस घाई आहे हें लांकडास ठाऊक नसतें.

आतां मापाविषयीं थोडें. दुकानांत मिळणारी खुर्ची सर्वांसाठीं असते. म्हणजे नेमकी कोणासाठींच नसते. आम्ही बसणाऱ्या माणसाचें माप घेतों. गुडघ्याच्या मागील वळीपासून जमिनीपर्यंत अंतर किती, तेवढी बैठकीची उंची. साधारण माणसास १७ किंवा १८ इंच पुरतात. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांस २० इंच दिले तर उठतांना कोणाचा हात धरावा लागत नाहीं. लहान मुलास १२-१३ इंचांचें आसन हवें. पाय अधांतरीं लोंबत राहिले तर त्याचें चित्त पुस्तकांत कसें लागावें? पोळपाटाचा ओटा उभें राहून लाटणाऱ्या बाईच्या कोपराच्या जरा खालीं असावा. हीं मापें पुस्तकांत आहेत; परंतु प्रत्येक घरांत तीं पुन्हां घ्यावीं लागतात, कारण माणूस पुस्तकाच्या मापाचा नसतो. जुन्या लांकडाचेंही तसेंच. कोठें गांठ, कोठें जुनी खाच, कोठें खिळ्याचा काळा डाग. माणसाचें माप आणि लांकडाची खोड यांचा मेळ घालणें, हीच आमची सारी विद्या.

यावर लोक विचारतात, "लांकूड जुनें आहे ना? मग स्वस्त पडेल." बंधूंनो, येथें स्पष्ट बोललें पाहिजे. तें स्वस्त पडत नाहीं. सहा फूट लांब, एक फूट रुंद आणि एक इंच जाड फळी म्हणजे अर्धा घनफूट. जुनें लांकूड दहा घनफूट विकत घेतलें तर किडलेलें, फाटलेलें, खिळ्यांनीं पोखरलेलें टाकून पदरांत किती पडेल, हें आधीं सांगतां येत नाहीं. त्यावर तो खिळ्यांचा अर्धा दिवस, तें खरवडणें, तें थांबणें. भुसा आणि चिकटद्रव्य दाबून केलेल्या पाट्यांचें कपाट याहून पुष्कळ स्वस्त मिळतें, आणि ज्यास आज कपाट हवें व आज पैसे नाहींत त्यानें तें घ्यावें. त्यांत कमीपणा नाहीं. फक्त त्यास पाण्यापासून जपावें, कारण एकदां फुगलें कीं तें पूर्ववत् होत नाहीं, आणि मोडलें कीं त्याचें दुसरें कांहीं करतां येत नाहीं. जुन्या लांकडाचा माल स्वस्त म्हणून घेऊं नये. मुलांनीं मोडला तरी नातवंडांस दुरुस्त करतां येईल म्हणून घ्यावा.

ज्या वस्तूंत लांकडाचा खर्च कमी असतो, तींत मजुरीचा भाग मोठा असतो, हें उघड आहे. तेव्हां भाव उतरविणें म्हणजे बहुधा कोणाची तरी मजुरी उतरविणें. पोप लिओ तेरावे यांनीं १८९१ सालच्या 'रेरुम नोव्हारुम' या पत्रांत कामकऱ्याच्या न्याय्य वेतनाचा आग्रह धरला. तो आग्रह मोठ्या गिरण्यांपुरता नाहीं. पत्र्याच्या छपरीखालीं खिळे काढणाऱ्या मुलालाही तो लागू आहे.

आणि मजुराप्रमाणें गिऱ्हाइकाशींही न्याय हवा. हल्लीं जुनेपणाची हौस आहे. एका गृहस्थानें आम्हांस विचारलें कीं, नव्या लांकडावर साखळीनें ठोके मारून, काळें पाणी पाजून त्याला शंभर वर्षांचें करून द्याल काय? पैसे चांगले होते. आम्हीं नाहीं म्हटलें. गृहस्थ दुसरीकडे गेले. भुंगेऱ्याचें भोंक भुसा व सरस भरून बुजविणें यांत पाप नाहीं. बुजविलें हें न सांगणें यांत आहे. तसेंच, ज्या वाड्याचें लांकूड आम्हीं स्वतः उतरतांना पाहिलें नाहीं, त्या वाड्याचें नांव आम्ही सांगत नाहीं. लांकूड स्वतः खोटें बोलत नाहीं. त्याच्या वतीनें आपण तरी कां बोलावें?

जुन्या लांकडाचा असा मान आम्हींच करतों असें नव्हे. मुंबईच्या गोदींत वाडियांच्या हाताखालीं सागवानी लढाऊ जहाजें बांधलीं जात. त्यांतील 'त्रिंकोमाली' नांवाचें जहाज १८१७ सालीं पाण्यांत उतरलें, आणि दोनशें वर्षें उलटलीं तरी इंग्लंडांत हार्टलपूल येथें तें अद्याप तरंगत आहे. १८२१ सालीं मुंबईसच बांधलेलें 'गँजीस' जहाज १९३० सालीं मोडलें, तेव्हां त्याच्या कप्तानाची खोली उचलून इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील एका बेटावरच्या हॉटेलांत जशीच्या तशी बसविली. 'रिझोल्यूट' नांवाचें एक इंग्रजी जहाज उत्तरेच्या बर्फांत सोडून द्यावें लागलें होतें. तें अमेरिकन लोकांस सांपडलें व त्यांनीं तें डागडुजी करून परत केलें. पुढें तें जहाज मोडलें, तेव्हां राणी व्हिक्टोरियानें त्याच्या ओक लांकडाचें मोठें मेज करवून १८८० सालीं अमेरिकेच्या अध्यक्षास भेट म्हणून पाठविलें. मोडलेल्या जहाजाचें लांकूड राष्ट्राध्यक्षाच्या मेजास चालतें. मग आपल्या तुळईनें काय अपराध केला?

परंतु इतक्या दूर जाण्याचें कारण नाहीं. आमच्या गडमुडशिंगीच्या शेजारीं वळिवडें आहे. दुसऱ्या महायुद्धांत रशियानें आपल्या घरांतून उठवून सैबेरियाकडे नेलेले पोलंडचे लोक, बहुतेक बायका आणि मुलें, सुटका झाल्यावर इराणमार्गें हिंदुस्थानांत आले. त्यांतील सुमारें पांच हजार जणांची छावणी १९४३ पासून १९४८ पर्यंत या वळिवड्यास होती. ते आपलेच धर्मबंधू. छावणींत त्यांचें मंदिर होतें, शाळा होत्या. पुढें ते निघून गेले. ज्या बराकी त्यांच्यासाठीं उभारल्या, त्या कोणी मोडून सर्पण केल्या नाहींत. फाळणींत सिंधमधून घरदार सोडून आलेल्या कुटुंबांस त्या निवाऱ्याला मिळाल्या, आणि तेथेंच आजचें गांधीनगर वसलें. एका निर्वासितानें लावलेलें दार दुसऱ्या निर्वासितानें उघडलें. आम्ही त्या वाटेनें लांकूड आणावयास जातों तेव्हां हें मनांत आल्यावांचून राहत नाहीं. वस्तूचें काम संपलें असें आपण म्हणतों, तेव्हां बहुधा आपलें काम संपलेलें असतें, वस्तूचें नव्हे.

आतां ती विनंती. गेल्या रविवारीं मिस्सा संपल्यावर, धर्मगुरुजींच्या परवानगीनें, आम्ही मंदिरांत मागें थांबलों आणि एकेक बांक उलटा करून पाहिला. जें दिसलें तें आहे तसें सांगतों. सर्व बांक चांगले नाहींत. भिंतीलगतचे कित्येक पायांत वाळवीनें खाल्ले आहेत. ते वांचणार नाहींत. कांहींच्या पाठी मागील दुरुस्तींत हलक्या लांकडाच्या घातल्या आहेत. त्या जाऊं द्याव्या. परंतु मधल्या ओळींचे बसण्याचे पाट चांगल्या सागवानाचे, अखंड आणि निरोगी आहेत. त्यांच्या खालच्या अंगास जुन्या सुतारानें पेन्सिलीनें 'डावा', 'उजवा' अशा खुणा केलेल्या आहेत. त्या अजून वाचतां येतात. त्याचें नांव आपणांपैकीं कोणास ठाऊक नाहीं. गुडघे टेकण्याच्या फळ्यांवर दोन दोन खळगे पडले आहेत. ते कोणाच्या गुडघ्यांचे, हें मात्र आपण सर्व जाणतों.

आमची विनंती इतकीच कीं, भंगारवाल्यास निरोप देण्यापूर्वीं एक महिना थांबावें. चांगले बांक दुरुस्त करून ठेवावे. मोडक्या बांकांच्या पाटांतून धर्मशिक्षणाच्या वर्गासाठीं मुलांच्या मापाचीं मेजें करावीं. हल्लीं तीं मुलें मांडीवर वही ठेवून लिहितात. उरलेल्या लांकडाचें पुस्तकांसाठीं एक फडताळ करावें. आणि आणखी एक वस्तू करावी, ती म्हणजे अंत्यविधीच्या वेळीं शवपेटी ठेवण्याचें मेज. आज आपण त्यासाठीं दोन लोखंडी खुर्च्या समोरासमोर मांडतों, आणि एकीचा पाय हलतो, हें प्रत्येकानें पाहिलें आहे. ज्या बांकावर आपला बाप जन्मभर बसला, त्याच लांकडानें शेवटच्या दिवशीं त्याचा भार घ्यावा, याहून त्या लांकडास दुसरा कोणता मान देतां येईल?

खर्चाविषयीं लपवीत नाहीं. भंगाराचे पैसे जे मिळावयाचे ते मिळणार नाहींत, आणि कामास खर्च लागेल; कदाचित् नव्या बांकांच्या खर्चाहून फार कमी होणार नाहीं. आमच्या स्वतःच्या श्रमाचा आम्ही पैसा घेणार नाहीं. ती आमची महोत्सवाची भेट. परंतु आमच्याकडे जे दोन कामकरी आहेत त्यांची मजुरी त्यांस पुरी मिळाली पाहिजे. आमच्या भक्तीचा खर्च त्यांच्या पोटावर टाकण्याचा आम्हांस अधिकार नाहीं. आणि काम नाताळापूर्वीं होईल असें वचन आम्ही देत नाहीं. कां, तें आतां आपणांस ठाऊक आहे.

संत योसेफाचा धंदा सांगतांना शुभवर्तमानाच्या मूळ ग्रीक भाषेंत जो शब्द आहे त्याचा अर्थ लांकडाचें किंवा बांधकामाचें काम करणारा कारागीर असा होतो. पोप पायस बारावे यांनीं १९५५ सालीं १ मे हा दिवस 'कामकरी संत योसेफ' यांचा सण म्हणून ठरविला. त्या नासरेथच्या छपरींत काय काय घडलें हें शास्त्रांत लिहिलेलें नाहीं. परंतु गरिबाच्या गांवांतील सुतार आम्ही आहों, म्हणून एवढें समजतों कीं, गरिबाच्या गांवांत नवें लांकूड थोडें येतें आणि मोडलेलें काम पुष्कळ येतें. मोडलेलें टाकून न देतां त्याकडे पुन्हां पाहण्याची संवय तेथें लागली नसेल, असें आम्हांस वाटत नाहीं.

मंदिराचें दार उघडें आहे. घरीं जाण्यापूर्वीं ज्यांस इच्छा असेल त्यांनीं आंत यावें. मधल्या ओळींतील एक बांक आम्हीं उलटा करून दिव्याखालीं ठेवला आहे. तो पाहावा, हातानें चांचपावा, आणि मग काय तें ठरवावें.